लाईट गेल्यावर मेमरीकडे किती वेळ उरतो?

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला. वळवाचा पाऊस नुकताच झोडपून गेला होता. लाईट गेली आणि दोन-तीन सेकंदांत परतही आली. माग पुन्हा सुरू झाले, ऑफिसातला सर्व्हर आपणहून चालू झाला, पण हिशेबाची फाईल काही केल्या उघडेना. मालक पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "लाईट तर लगेच आली की ओ, मग असं कसं झालं?"

प्रश्न अगदी रास्त होता. तीन सेकंदांत माणसाच्या हातातला चहासुद्धा थंड होत नाही. पण संगणकाच्या मेमरीच्या हिशेबानं तीन सेकंद म्हणजे फारच मोठा काळ. तेवढ्यात ती विसरायला लागलेली असते. सोलापुरात बरेच कारखाने, पतसंस्था, दवाखाने आणि दुकानं आता संगणकावर चालतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर लाईटची ये-जा ठरलेली. म्हणून हा प्रश्न मुळापासून समजून घेतलेला बरा.

सुरुवात माठापासून करू. नवा माठ पाझरतो, म्हणून त्यातलं पाणी गार राहतं. पाझरणं थांबत नाही, त्यामुळे माठ भरलेला ठेवायचा तर अधूनमधून पाणी घालत राहावं लागतं. संगणकाच्या रॅममध्ये, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीत, असे अब्जावधी सूक्ष्म माठ असतात. प्रत्येक म्हणजे एक अतिशय लहान कपॅसिटर. त्यात विद्युतभार असला तर 'एक', नसला तर 'शून्य'. हा भार सतत झिरपत असतो. म्हणून मेमरी चालवणारी यंत्रणा प्रत्येक ओळ वाचते आणि तीच माहिती त्याच जागी पुन्हा भरते. याला रिफ्रेश म्हणतात. आजच्या सर्वसाधारण रॅममध्ये प्रत्येक ओळीची पाळी ६४ मिलिसेकंदांत एकदा आलीच पाहिजे, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर पाझर वाढतो, आणि डीडीआर ४ सारख्या मेमरीत हीच फेरी ३२ मिलिसेकंदांत पुरी करावी लागते. माठाचं काय, मेमरीचं काय, उन्हाळा दोघांनाही जड जातो.

लाईट गेली की भरणारा हात थांबतो. माहिती त्याच क्षणी पुसली जाते असं मात्र नाही. चिप खूप थंड केली तर वीज काढल्यावरही काही मिनिटं माहिती उरते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. पण कोणता माठ आधी रिकामा होईल याचा नेम नसतो, आणि हिशेबातला एक आकडा बदलला तरी तो हिशेब कामाचा राहत नाही.

मग इतकी विसराळू मेमरी वापरायचीच कशाला? आपल्या गावातच न विसरणाऱ्या मेमरीचा सुरेख नमुना आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर विणली जाते. जुन्या जकार्डवर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची लांब माळ असते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला कोणते उभे धागे उचलायचे, ते त्या भोकांवरून ठरतं. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्ड यांनी ही रचना १८०४ च्या सुमारास आणली. लाईट गेली की माग जिथल्या तिथे थांबतो. लाईट आली की कारागीर तुटलेला धागा बघतो, जोडतो, आणि नक्षी पुढच्या कार्डापासून सुरू होते. पुठ्ठ्यातलं भोक टिकायला वीज लागत नाही.

पहिल्या पिढ्यांतल्या बऱ्याच संगणकांची मेमरीही अशीच होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये उभ्या राहिलेल्या टिफ्रॅक या संगणकात फेराईटच्या बारीक कड्या तारांत ओवलेल्या होत्या. कडीला एकदा चुंबकत्व दिलं की ते वीज गेली तरी टिकायचं. पण अशा कड्या ओवणं वेळखाऊ, महाग, आणि जागा खाणारं काम. १९६६ मध्ये आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड यांना एका बिटसाठी, म्हणजे एका 'एक' किंवा 'शून्य'साठी, एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरेल अशी मांडणी सुचली. १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं, १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही डायनॅमिक रॅमची चिप बाजारात आली, आणि काही वर्षांत कड्यांचा जमाना मागे पडला. मेमरी स्वस्त झाली, वेगवान झाली, आणि त्या बदल्यात विसराळूही झाली. हा सौदा जगानं विचारपूर्वक स्वीकारला. वीज गेल्यावर काय करायचं, याची जबाबदारी मात्र तेव्हापासून मेमरीच्या बाहेर गेली. बॅटरी, कपॅसिटर, यूपीएस आणि हे सगळं बसवणारी माणसं, यांच्यावर ती आली.

आता लाईट जाते तो क्षण जरा सावकाश पाहू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाजोगी करून देणाऱ्या डब्यात, मोठे कपॅसिटर असतात. भिंतीतून वीज यायची थांबली तरी ते थोडा वेळ पुरवठा टिकवतात. संगणक पूर्ण ताकदीनं वीज ओढत असताना हा वेळ साधारण १६ मिलिसेकंद धरतात, म्हणजे एका आवर्तनापेक्षाही कमी. एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे 'पॉवर गुड' नावाची एक तार जाते. वीज ठीक आहे तोवर त्या तारेवर होकार असतो. साठा संपत आला की तो होकार काढून घेतला जातो, आणि त्यानंतर व्होल्टेज कोसळेपर्यंत किमान एक मिलिसेकंद मिळावा अशी अपेक्षा असते. निरोप द्यायला एवढाच अवधी.

याच १६ मिलिसेकंदांत यूपीएसनं भार उचलायचा असतो. साध्या यूपीएसला भिंतीतल्या विजेवरून बॅटरीवर यायला साधारण चार ते दहा मिलिसेकंद लागतात, म्हणून संगणकाला पत्ताही लागत नाही. ऑनलाईन प्रकारच्या यूपीएसमध्ये संगणकाला वीज कायम आतल्या इन्व्हर्टरमधूनच, म्हणजे बॅटरीची वीज भिंतीतल्या विजेसारखी करून देणाऱ्या भागातूनच मिळते, बदल करायची वेळच येत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र बहुतेक वेळा एक बटण असतं, एका बाजूला 'यूपीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल'. नॉर्मलवर ठेवलं की तो सावकाश बदलतो. पंख्याला त्यानं काही फरक पडत नाही, संगणक मात्र बंद होऊन पुन्हा चालू होतो. "आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, तरी कॉम्प्युटर रीस्टार्ट होतोय," ही तक्रार मी साताठ घरांत ऐकली आहे. त्यातल्या चार घरांत नुसतं ते बटण फिरवून काम झालं.

पण मालकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे नाही. ते संगणकाच्या आत, 'झालं' या शब्दात दडलेलं आहे.

जुने दिवाणजी व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचे. जसा घडला तसा, एकाखाली एक. मग सवडीनं कीर्दीतून खतावणी करायचे, ज्याच्या त्याच्या खात्यावर. खतावणी अर्धी राहिली आणि दिवाणजी आजारी पडले, तरी दुसरा माणूस कीर्द उघडून काम पुरं करू शकायचा. डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवणारं सॉफ्टवेअर, अगदी याच रीतीनं चालतो. होणारा बदल तो आधी एका नोंदवहीत एकाखाली एक लिहितो, ती नोंद डिस्कवर पक्की झाली असं कळलं की 'झालं' म्हणतो, आणि मूळ तक्ते नंतर बदलतो. विंडोजची आणि लिनक्सची फाईल व्यवस्थाही स्वतःच्या बदलांसाठी अशी कीर्द ठेवते. मध्येच वीज गेली तरी पुन्हा चालू होताना कीर्द वाचून राहिलेलं काम पुरं करते, किंवा अर्धवट नोंद खोडून टाकते.

या सगळ्याचा पाया एकच. कीर्दीत लिहिलं म्हणजे खरोखर लिहिलं गेलं असलं पाहिजे. आणि नेमकं तिथेच घोळ होतो. बिल 'सेव्ह' केल्यावर ते थेट डिस्कवर जात नाही. आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत थांबतं. तिथून डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलर कार्डाच्या मेमरीत. तिथून डिस्कच्या स्वतःच्या छोट्या मेमरीत. आणि मग शेवटी चुंबकी तबकडीवर किंवा फ्लॅश चिपमध्ये. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला पुढच्याची वाट न बघता 'झालं' म्हणायचा मोह असतो, कारण त्यानं काम फार वेगवान भासतं. डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमला बजावतो, की हे थेट खालपर्यंत पोचव आणि मगच मला सांग. ऑपरेटिंग सिस्टिम ते इमानानं पुढे सांगते. पण कार्डानंच आपल्या विसराळू मेमरीत ठेवून 'झालं' म्हटलं, तर वर सगळे त्या शब्दावर विसंबतात.

कार्डाला असं म्हणण्याचा अधिकार एकाच अटीवर आहे. वीज गेली तरी हातातलं सांभाळण्याची त्याच्याकडे स्वतःची सोय हवी. म्हणून सर्व्हरमधल्या रेड कंट्रोलरवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणाऱ्या कार्डावर, एक लहान बॅटरी असते. लाईट गेली की सर्व्हर बंद पडतो, पण ही बॅटरी फक्त कार्डावरची मेमरी जिवंत ठेवते. मेमरी 'सेल्फ रिफ्रेश'मध्ये जाते. बाहेरून कोणी काही सांगत नाही, ती स्वतःच स्वतःला भरत बसते आणि त्यासाठी अगदी थोडी वीज घेते. अशा बॅटऱ्या साधारण ७२ तास तग धरण्याच्या हिशेबानं केलेल्या असत. शुक्रवारी संध्याकाळी लाईट गेली तर सोमवारी संध्याकाळपर्यंत. लाईट आल्यावर कार्ड उरलेलं काम डिस्कवर उतरवतं, आणि दिलेला शब्द पाळला जातो.

बॅटरी खराब झाली, तर चांगलं कार्ड आपला पवित्रा बदलतं. 'राईट बॅक', म्हणजे आधी 'झालं' म्हणायचं आणि मग उतरवायचं, ही रीत सोडून 'राईट थ्रू'वर येतं, म्हणजे डिस्कवर उतरल्याशिवाय 'झालं' म्हणतच नाही. काम सुरक्षित होतं, पण मंदावतं. काही कार्डं महिन्या-दोन महिन्यांनी बॅटरी स्वतःहून उतरवून आणि पुन्हा भरून तिची ताकद तपासतात. तेवढ्या काळातही सर्व्हर संथ वाटतो. अशा वेळी हमखास कोणाला तरी सेटिंगमधला एक पर्याय सापडतो. बॅटरी असो वा नसो, 'राईट बॅक'च ठेवा. तो निवडला की सर्व्हर पुन्हा पळू लागतो, आणि सगळ्यांना वाटतं, दुरुस्ती झाली.

त्या कारखान्यात हेच झालं होतं. कार्डावरची बॅटरी निकामी झाल्याची नोंद कित्येक महिन्यांपूर्वीची होती, आणि तो पर्याय निवडलेला होता. कोणी निवडला ते कळलं नाही, शोधण्यात अर्थही नव्हता. बाहेरचा यूपीएस मागांच्या शेडला लागून असलेल्या खोलीत, पत्र्याच्या छताखाली तीन उन्हाळे काढून बसला होता. त्याचा हिरवा दिवा लागत होता, पण बॅटरीत जोर उरला नव्हता. लाईट जाताच त्यानं एक शिटी दिली आणि मान टाकली. वर ढिला यूपीएस आणि आत मेलेली बॅटरी. यांतलं एक जरी ठीक असतं, तरी फाईल वाचली असती. शेवटी आम्ही आदल्या रात्रीची प्रत परत घातली. त्या दिवसाची चौसष्ट बिलं ऑफिसातल्या ताईंनी चलनांच्या कार्बन कॉपीवरून रात्री साडेदहापर्यंत बसून पुन्हा भरली.

बॅटरीला तीन दिवस मेमरी जागवायला लावण्यापेक्षा चांगली युक्ती नंतर रूढ झाली. तिच्यातला विचार मला फार आवडतो. विसराळू मेमरी जिवंत ठेवण्यात शक्ती घालवायची नाही. मिळालेल्या थोड्या वेळात सगळं न विसरणाऱ्या जागी हलवायचं आणि निवांत झोपायचं. नव्या कार्डांवर बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे बराच जास्त भार साठवणारा कपॅसिटर असतो, सोबत थोडी वीज गेली तरी न विसरणारी फ्लॅश मेमरी. लाईट गेली की सुपरकपॅसिटरमधल्या शक्तीवर कार्ड आपली रॅम फ्लॅशमध्ये उतरवतं. मग लाईट तीन तासांनी येवो की तीन आठवड्यांनी.

हीच कल्पना सर्व्हरच्या मुख्य मेमरीलाही लावता येते. एनव्हीडीआयएमएम नावाचे मेमरीचे असे पट्टे मिळतात, ज्यांच्यावर रॅम आणि फ्लॅश शेजारी शेजारी असतात आणि शक्ती पुरवायला सुपरकपॅसिटर जोडलेला असतो. वीज जाताना 'पॉवर गुड'चा होकार हलला की प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आपल्या रांगेत थांबलेल्या नोंदी घाईनं रॅममध्ये ढकलतो. त्याला त्या एका मिलिसेकंदाइतकाच वेळ पुरतो. मग रॅम सेल्फ रिफ्रेशमध्ये जाते, पट्ट्याला 'जतन कर' असा इशारा मिळतो, आणि बाकीचा संगणक मेला तरी पट्टा एकटाच आपलं काम करत राहतो.

किती शक्ती लागते याचा अंदाज एका कल्पित उदाहरणावरून घेऊ. पट्टा १६ जीबीचा आहे, फ्लॅशमध्ये लिहिण्याचा वेग सेकंदाला ४०० एमबी आहे, आणि या कामाला ८ वॉट लागतात असं धरू. सगळी रॅम उतरवायला सुमारे ४० सेकंद लागतील, आणि शक्ती लागेल ३२० जूल. आता आपल्या टेबलाखालच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी घ्या. नवी असताना तिच्यात ८४ वॉट-तास, म्हणजे तीन लाखांहून जास्त जूल असतात. मेमरी वाचवायला त्याच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास पुरेसं आहे. याउलट ३०० वॉट घेणारा अख्खा सर्व्हर तेच ४० सेकंद चालू ठेवायचा, तर १२ हजार जूल हवेत.

एक जागा मात्र या योजनेतून सुटते. प्रोसेसरच्या पोटातल्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या छोट्या वेगवान मेमरीत जे आहे, ते रॅमपर्यंत पोचलेलंच नसतं. ते वेळोवेळी खाली ढकलण्याची काळजी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागते. काही नव्या सर्व्हरमध्ये कॅशही आपोआप उतरवण्याची सोय आहे, पण त्यासाठी शक्तीचा साठा बराच मोठा लागतो. वीज नसली तरी विसरत नाही अशी मुख्य मेमरी बाजारात आणण्याचा मोठा प्रयत्न इंटेलनं ऑप्टेन या नावानं केला आणि २०२२ मध्ये तो आवरता घेतला. त्यामुळे सध्या तरी पाझरणारी रॅम आणि तिच्या शेजारी शक्तीचा छोटा साठा, हाच मार्ग चालू आहे.

एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी फ्लॅश चिप वापरणाऱ्या डिस्कचं, थोडक्यात सांगतो. कोणती माहिती कोणत्या चिपमध्ये ठेवली आहे याचा नकाशा एसएसडी सतत बदलत असते, आणि त्याचा ताजा भाग बऱ्याचदा तिच्या आतल्या रॅममध्ये असतो. सर्व्हरसाठीच्या एसएसडीवर कपॅसिटरची एक रांग असते. लाईट गेल्यावर तेवढ्या साठ्यावर ती हातातलं सगळं उतरवून घेते. घरगुती एसएसडीवर सहसा ही सोय नसते. हिशेबाच्या सर्व्हरसाठी घेताना 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' आहे का, हे जरूर विचारा. किमतीतला फरक चौसष्ट बिलांच्या एका रात्रीपेक्षा जड नाही.

आपल्या हवेचा विचार केला, तर दोन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली, उष्णता. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यावर दर आठ-दहा अंशांनी ते जवळपास निम्मं होतं. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा ४० च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत तर त्याहून जास्त. पाच वर्षं सांगितलेली बॅटरी दोन वर्षांतच थकली, तर दुकानदाराला दोष देऊ नका, आधी यूपीएसची जागा बदला. सुपरकपॅसिटर पुष्कळ टिकतात, तरी सतत तापले तर तेही लवकर उतरतात.

दुसरी, लाईटची ये-जा. वळवात लाईट एकदाच जाऊन थांबत नाही. जाते, येते, पुन्हा जाते. पहिल्या वेळी सुपरकपॅसिटर रिकामा झालेला असतो. तो भरायला मिनिटभर ते काही मिनिटं लागतात, जुन्या बॅटरीला तर काही तास. तेवढ्यात लाईट पुन्हा गेली, तर सांभाळायला कोणी नसतं. नीट बनवलेली यंत्रणा साठा भरेपर्यंत 'झालं' म्हणायची घाई करत नाही. आपल्या बाजूनं एक करता येतं. सर्व्हरच्या बायोसमध्ये, म्हणजे चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, 'लाईट आल्यावर आपोआप चालू हो' असं असेल, तर ते बंद करा, किंवा उशिरानं चालू होण्याची सोय असेल तर पाच-दहा मिनिटांवर ठेवा. कीर्द वाचून दुरुस्ती चाललेली असताना पुन्हा लाईट जाणं, हा सर्वांत वाईट प्रसंग.

आणि बऱ्याच यूपीएसच्या खोक्यात एक यूएसबी केबल येते. जिथे जिथे गेलो, तिथे बहुतेक ठिकाणी ती पिशवीतच पडलेली सापडली. ती संगणकाला जोडली, की बॅटरी किती उरली हे संगणकाला कळतं आणि संपायच्या आधी तो स्वतःच नीट बंद होतो. लिनक्सवर त्यासाठी 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. विंडोजवर बहुतेक यूपीएस लॅपटॉपच्या बॅटरीसारखा दिसू लागतो. रात्री ऑफिसात कोणी नसताना लाईट गेली, तर यूपीएसची वीस मिनिटं या केबलशिवाय वायाच जातात.

त्या कारखान्यात आता कार्डाची बॅटरी बदलली आहे आणि 'राईट बॅक'ची सक्ती काढली आहे. यूपीएस ऑफिसात, टेबलाखाली, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवला आहे. नव्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहिली आहे. या मार्चमध्ये एका सुट्टीच्या दिवशी मी तिथे गेलो, आधी सगळ्याची प्रत काढून घेतली, आणि मालकांच्या हातानंच भिंतीतलं बटण बंद करायला लावलं. घड्याळ लावून बसलो. चौदाव्या मिनिटाला सर्व्हरनं स्वतःहून फाईली मिटल्या आणि तो बंद झाला. वहीत 'चौदा' लिहून ठेवलंय. पुढच्या मार्चमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आधी, हीच चाचणी पुन्हा घ्यायची आहे, आणि आकडा दहाच्या खाली आला तर बॅटरी बदलायची असं ठरलंय.